हौस तीन वर्षांची, वाघ एकोणीस वर्षांचा

१८ ऑक्टोबर २०११ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, झेन्सव्हिल शहराच्या पश्चिमेला राहणाऱ्या काही लोकांनी शेरीफच्या कचेरीत फोन केला. शेजारच्या फार्मवरचे घोडे बिथरून पळताहेत, त्यांच्या मागे अस्वल लागलंय आणि कुंपणाशी सिंह दिसतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. ७३ एकरांच्या त्या फार्मबद्दल आधीही बऱ्याच तक्रारी आल्या होत्या. त्यामुळे पहिली गाडी निघाली तेव्हा एखादा प्राणी सुटला असेल, एवढीच सगळ्यांची समजूत होती.

तिथे पोहोचल्यावर दिसलं ते असं. फार्मचा बासष्ट वर्षांचा मालक अंगणात मरून पडला होता, त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. त्याआधी त्याने एकामागून एक पिंजरे उघडले होते. काहींच्या जाळ्या तर अशा कापल्या होत्या की कुणी येऊन दार लावलं तरी प्राणी आत राहू नये. त्याच्याकडे एकूण ५६ प्राणी होते. त्यातले जवळजवळ सगळे मोकळे झाले होते. काही आवारात होते, काही कुंपणाबाहेर गेले होते. जवळच घरं होती आणि इंटरस्टेट ७० हा हमरस्ताही होता. दिवस मावळायला दीड-दोन तास उरले होते.

शेरीफ मॅट लुट्झ यांनी हुकूम दिला तो गोळ्या घालण्याचा. पहिल्या तुकडीतल्या काही जणांकडे नेहमीच्या पिस्तुलांपलीकडे फारसं काही नव्हतं, आणि काहींना अगदी काही फुटांवरून गोळी झाडावी लागली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे चाललं. आसपासच्या शाळांना सुट्टी दिली गेली. हमरस्त्यावरच्या विजेच्या पाट्यांवर वन्यप्राणी मोकळे आहेत, गाडीतून उतरू नका, असा इशारा झळकत होता. शेवटी मोजदाद झाली तेव्हा मेलेल्या ४९ प्राण्यांत १८ वाघ होते, १७ सिंह, ६ काळी अस्वलं, २ ग्रिझली अस्वलं, ३ प्यूमा, २ लांडगे आणि एक बबून. सहा प्राणी जिवंत हाती लागले. एक माकड सापडलंच नाही, ते कुठल्यातरी वाघा-सिंहाने खाल्लं असावं असं धरण्यात आलं.

जगभरातून शेरीफवर टीकेचा भडिमार झाला. त्या काळी साऱ्या जगातल्या जंगलांत मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास वाघ उरले असतील असा अंदाज होता, आणि इथे एका रात्रीत अठरा मारले गेले. भुलीची इंजेक्शनं का दिली नाहीत, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला. आपल्याकडे जुन्नर-नाशिकच्या पट्ट्यात बिबट्या बेशुद्ध करून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे आपल्यालाही हा प्रश्न पडतो. पण ते बिबटे बहुतेक वेळा विहिरीत, घरात किंवा गोठ्यात अडकलेले असतात. भूल चढायला काही मिनिटं लागतात. डार्ट लागताच प्राणी दचकतो आणि एकतर पळत सुटतो किंवा अंगावर येतो. उघड्या माळावर, अंधारात, डार्ट लागलेला वाघ झाडीत घुसला तर त्याच्या मागे जाणार कोण? दुसऱ्या दिवशी उजेडात एका वाघावर हा प्रयोग करून पाहिला गेला. डार्ट लागताच तो उसळला आणि त्यालाही गोळी घालावी लागली. कोलंबस प्राणिसंग्रहालयाचे जॅक हॅना हे अमेरिकेत टीव्हीमुळे घराघरांत माहीत असलेले प्राणिप्रेमी. तेसुद्धा तिथे उभं राहून शेरीफच्याच बाजूने बोलले.

बाहेरच्या एकाही माणसाला इजा झाली नाही. घरात वाघ-सिंह पाळणारे लोक एक आकडेवारी नेहमी तोंडावर फेकतात: पाळलेल्या वाघ-सिंहांमुळे जितकी माणसं मरतात त्याच्या कितीतरी पट जास्त कुत्र्यांमुळे मरतात. आकडा खरा आहे. पण झेन्सव्हिलची ती रात्र या आकडेवारीत कशी मोजायची? तिच्यातला माणसाचा एकमेव मृत्यू म्हणजे आत्महत्या. पोलीस रात्रभर पिस्तूल घेऊन माळावर फिरले, हजारो माणसं दारं लावून बसली, शाळा बंद राहिल्या, यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. शिवाय कुत्रा गल्लीत आहे हे गल्लीला माहीत असतं. वाघ पाळणारा आपल्या हौसेचा धोका शेजाऱ्यांच्या माथी त्यांना न विचारताच मारतो.

हे सगळं बेकायदा होतं का? आश्चर्य इथेच आहे. १९६६ सालचा अमेरिकेचा केंद्रीय प्राणिकल्याण कायदा प्राण्यांचा व्यापार करणाऱ्यांना, त्यांचं प्रदर्शन मांडणाऱ्यांना आणि प्रयोगशाळांना लागू होतो. नुसतं हौसेने पाळणाऱ्याला त्याखाली परवाना लागत नव्हता. ओहायोत स्थानिक वन्यप्राण्यांसाठी राज्याची परवानगी लागे, म्हणजे काळं अस्वल पाळायचं तर कागद हवा. वाघ ओहायोचा नाही, म्हणून वाघाला कागद नको! त्याच वर्षी जानेवारीत मावळत्या गव्हर्नरने, टेड स्ट्रिकलंड यांनी, नव्याने असे प्राणी घेण्यावर बंदी घालणारा वटहुकूम काढला होता. एप्रिलमध्ये त्याची मुदत संपली आणि नव्या सरकारने ती वाढवली नाही. ऑक्टोबरमध्ये हे घडलं.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच आहे. 'रानटी जनावर शेवटी रानटीच', 'सापाला दूध पाजलं तरी डसायचा तो डसणारच', अशी वाक्यं अशा प्रसंगी हमखास कानावर येतात. झेन्सव्हिलमध्ये कुठल्याही वाघाने मालकाला दगा दिला नव्हता. पिंजरे माणसाने उघडले. तो बेकायदा बंदुका बाळगल्याबद्दल वर्षभराची शिक्षा भोगून ३० सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम अठरा दिवसांपूर्वी, तुरुंगातून सुटला होता. बायको घर सोडून गेली होती, करांची थकबाकी डोक्यावर होती. एका मोठ्या वाघाला रोज पाच-सहा किलो मांस लागतं. वाघ आणि सिंह मिळून पस्तीस धरले तर ढोबळ हिशेबाने दिवसाला पावणेदोन क्विंटल. पूर्वी जनावरांच्या छळाबद्दल तो दोषीही ठरला होता. ज्या दिवशी हा माणूस खचेल त्या दिवशी काय होईल, याचा विचार करणं कुणाचंच काम नव्हतं.

बारकाईने पाहिलं तर अशा बहुतेक घटनांचा साचा हाच निघतो. कायदा असलाच तर तो प्राणी विकत घेतला जातो त्या दिवसाकडे पाहतो. पिंजरा किती फुटी, जाळी किती जाड. धोका मात्र सातव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी येतो, मालक म्हातारा झाल्यावर, कर्जात बुडाल्यावर, एकटा पडल्यावर. पिंजऱ्यातला वाघ वीस वर्षांपर्यंत जगू शकतो, चिंपांझी पन्नासच्या पुढे. इतका काळ टिकणारी हौस फार थोड्यांकडे असते आणि इतका काळ टिकणारा पैसा त्याहून थोड्यांकडे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला मिंग नावाचा वाघ याचं चोख उदाहरण आहे. सरकारी वसाहतीतल्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका टॅक्सीचालकाने हा वाघ पाळला होता. आणला तेव्हा काही आठवड्यांचा बछडा होता. तीन वर्षांत दोनशे किलोच्या घरात पोहोचला. त्याच फ्लॅटमध्ये मगरीचा भाऊबंद असलेला एक ॲलिगेटरही होता. पुढे परिस्थिती अशी आली की मालक स्वतः दुसरीकडे राहू लागला आणि फ्लॅटचं दार किलकिलं करून आत कोंबड्या फेकू लागला. ऑक्टोबर २००३मध्ये वाघ त्याला चावला. रुग्णालयात त्याने कुत्रा चावल्याचं सांगितलं. कुत्र्याच्या दातांचं अंतर किती असतं हे डॉक्टरांना माहीत असतं. पोलिसांनी शेजारच्या घरातून भोक पाडून कॅमेरा सरकवला, तर आत खरोखरच वाघ. मग एक पोलीस गच्चीवरून दोर बांधून खाली उतरला आणि त्याने खिडकीतून डार्ट मारला. वाघाने डरकाळी फोडत खिडकीकडे झेप घेतली. सुदैवाने थोड्या वेळाने भूल चढली.

ही गोष्ट अमेरिकेत गमतीची म्हणून सांगितली जाते. पुढचा भाग कमी सांगतात. मिंगला ओहायोतल्याच एका प्राणी-अनाथालयात नेलं आणि तो तिथे २०१९पर्यंत जगला. मालकाने त्याला तीन वर्षं सांभाळलं. उरलेली सोळा वर्षं देणग्या मागून चालणाऱ्या एका संस्थेने त्याला पोसलं.

चिंपांझीची गोष्ट गमतीत सांगता येत नाही. कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड शहरात ट्रॅव्हिस नावाचा चिंपांझी एका जोडप्याच्या घरी मुलासारखा वाढला. टेबलाशी बसून जेवायचा, जाहिरातींत झळकलेला होता, शहराला त्याचं कौतुक होतं. २००३ साली तो गाडीतून उतरून रस्त्यावर आला आणि पोलिसांना त्याला आवरताना नाकी नऊ आले. त्यानंतर राज्याने नियम केला की पन्नास पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण तेवीस किलोंपेक्षा, जड वानर पाळायला परवाना हवा. ट्रॅव्हिस नव्वद किलोंच्या आसपास होता. तरीही तो नियमाच्या आधीपासूनचा, शिवाय सगळ्यांचा लाडका, म्हणून कुणी परवाना मागितला नाही. मालकीणबाईंची मुलगी आधीच गेली होती, पुढे नवराही गेला. सत्तरीची बाई आणि तिच्याहून कित्येक पट ताकदीचा नर चिंपांझी एवढेच त्या घरात उरले. ऑक्टोबर २००८मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यातल्या एका जीवशास्त्रज्ञाने लेखी इशारा दिला की इथे केव्हाही अपघात होऊ शकतो. चार महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २००९ला, ट्रॅव्हिसने मालकिणीच्या मैत्रिणीवर हल्ला केला. तिचा चेहरा, हात, डोळे गेले. पोलीस आले तेव्हा त्याने गाडीचं दार उघडलं आणि आत बसलेल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली.

जखमी बाईंना दोन वर्षांनी मृत व्यक्तीचा चेहरा बसवण्यात आला. तोवर मालकीणबाई वारल्या होत्या आणि त्यांच्या मालमत्तेतून मिळालेली भरपाई आयुष्यभराच्या उपचारांपुढे तोकडी होती. बाईंनी राज्यावर १५ कोटी डॉलरचा दावा लावायची परवानगी मागितली, कारण राज्याला धोका माहीत होता. ती नाकारण्यात आली. तेव्हाच्या कायद्याने असा प्राणी पाळायला मुळात मनाईच नव्हती, तर राज्याचा दोष कसा, असा युक्तिवाद झाला. कायदा ढिला ठेवायचा आणि मग त्या ढिलाईचाच आडोसा घ्यायचा, यापेक्षा सोयीचं काही नसेल.

झेन्सव्हिलनंतर ओहायोने २०१२च्या जूनमध्ये कायदा केला. नवे धोकादायक प्राणी घेण्यास मनाई आणि आधीपासून ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदणी करायची, मायक्रोचिप बसवायची आणि विमा उतरवायचा. पण तो अमलात येण्याआधी एक विचित्र प्रसंग घडला. जिवंत हाती लागलेल्या सहा प्राण्यांतला एक बिबट्या प्राणिसंग्रहालयात दगावला होता. उरलेले पाच, त्यांना कुठला संसर्गजन्य रोग नाही असं ठरल्यावर, मे २०१२मध्ये मालकाच्या विधवेला परत द्यावे लागले. ती त्यांना त्याच फार्मवर घेऊन गेली. कायद्याच्या नजरेत ती तिची मालमत्ता होती, जप्त केलेली सायकल परत मिळावी तशी.

संपूर्ण देशासाठी कायदा यायला आणखी दहा वर्षं लागली. मधल्या काळात बछड्यांचा एक धंदाच उभा राहिला होता. पैसे भरा, वाघाचा बछडा मांडीवर घ्या, फोटो काढा. बछडा या कामाला जेमतेम दोन-तीन महिने उपयोगी पडतो, मग त्याचे दात आणि नखं गिऱ्हाइकाला परवडत नाहीत. म्हणून सतत नवे बछडे जन्माला घालायचे आणि थोराड झालेले कुणाच्या तरी परसात जायचे. ओक्लाहोमातल्या अशाच एका वाघवाल्यावर २०२० साली, लॉकडाउनच्या पहिल्या आठवड्यांत, नेटफ्लिक्सवर 'टायगर किंग' ही मालिका आली. ती पाहून आपल्याकडेही लोक हसले. २० डिसेंबर २०२२ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने घरी वाघ-सिंह ठेवण्यास आणि बछड्यांच्या फोटोधंद्यास बंदी आली. जुन्या मालकांनी जून २०२३पर्यंत नोंदणी करून आहेत ते प्राणी मरेपर्यंत ठेवायचे, वाढवायचे नाहीत.

ब्रिटनने अशा प्राण्यांसाठी परवान्याचा कायदा १९७६मध्येच केला होता, आणि मला त्यातला विम्याचा भाग सगळ्यात आवडतो. १९६९ साली लंडनच्या हॅरड्स या दुकानात सिंहाचा छावा चक्क विकत मिळत होता. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी घेतलेला ख्रिश्चन पुढे केनियात जॉर्ज ॲडमसनकडे पोहोचला म्हणून त्याचं नाव राहिलं. १९७६च्या कायद्याने परवाना स्थानिक नगरपालिकेकडून घ्यायचा, पशुवैद्याने जागा तपासायची आणि प्राण्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा विमा मालकाने उतरवायचा, अशी अट आली. विमा म्हणजे धोक्याची किंमत. सरकारी निरीक्षक एखाद्या वेळी दुर्लक्ष करील, विमा कंपनी करत नाही, कारण पैसा तिचा असतो. परसातल्या सिंहाचा हप्ता किती, हे कळलं की बऱ्याच लोकांची हौस आपोआप फिटते.

त्या कायद्याला एक काळी किनारही आहे. परवाना परवडत नाही म्हणून काही मालकांनी आपली जनावरं गुपचूप माळरानावर सोडून दिली असं म्हणतात. ब्रिटनच्या ग्रामीण भागात काळा बिबट्या दिसल्याच्या वार्ता आजही येतात, त्यातल्या बहुतेक अर्थातच मोठ्या बोक्यांच्या. १९८०मध्ये स्कॉटलंडमध्ये कॅनिकजवळ एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात खरोखर एक जिवंत प्यूमा सापडली. कायदा करताना सोडून द्यायला लागलेल्या प्राण्याला जागा हवी, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओहायोने कायद्याबरोबर जप्त प्राण्यांसाठी रेनल्ड्सबर्गला सरकारी निवाराही बांधला.

कोलंबियात तर मालक गेल्यावर काय होतं याचा प्रयोग तीस वर्षं उघड्यावर चालला आहे. अमली पदार्थांचा सम्राट पाब्लो एस्कोबार १९९३मध्ये मारला गेला. त्याच्या खासगी संग्रहातले बरेच प्राणी हलवले गेले, पण चार पाणघोडे उचलायला जड म्हणून तिथेच राहिले. त्यांची संख्या आता दीडशेच्या पुढे गेली आहे. मागदालेना नदीकाठच्या कोळ्यांना रोज नावेतून त्यांच्याजवळून जावं लागतं. २००९मध्ये त्यातल्या एकाला सरकारी परवानगीने मारलं तेव्हा लोक इतके खवळले की कोर्टाने पुढची शिकार थांबवली.

आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवत, हे पुष्कळांना ठाऊक असेल. ती राजाची हौस खरी, पण तिच्यामागे संस्थानाची तिजोरी आणि पगारी नोकर होते. महाराज आजारी पडले म्हणून चित्ता उपाशी राहायचा नाही. इथे कुणाला हेमलकसाही आठवेल. प्रकाश आमट्यांनी शिकारीत अनाथ झालेली पिल्लं सांभाळायला घेतली ती विकत घेऊन नव्हे, आणि त्या कामाला लोकबिरादरी प्रकल्पासारख्या संस्थेचा, पुढच्या पिढीचा आधार मिळाला. बिबट्याला कुरवाळणाऱ्या आमट्यांचा फोटो पाहून ज्यांना तसंच करावंसं वाटतं, त्यांना त्या फोटोमागची ही सोय दिसत नाही.

आपल्याकडे वाघ-बिबट्या पाळायचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळपास मिटवला. पण तो कायदा देशी प्राण्यांचा होता. परदेशी अजगर, इग्वाना, मार्मोसेट माकडं त्यात बसत नव्हती, आणि मुंबई-पुण्यात त्यांचा बाजार याच फटीत वाढला. २०२०मध्ये केंद्राने लोकांना आपल्याकडचे परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं. २०२२च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती कायद्यात आल्या आणि २०२४च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. मालकाने जन्म, हस्तांतर, मृत्यू सगळं कळवायचं. नियम चांगले आहेत, पण त्यांचा डोळा तस्करीवर आहे. शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार त्यात आडवळणानेच येतो.

तो सरळ करायला हवा, याचं कारण वाघ नव्हे, साप. बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत परदेशी प्राणी सापडणं आता नित्याचं झालंय. जून २०२५मध्ये मुंबई विमानतळावर कस्टम्सने पकडलेल्या एका बॅगेत डझनावारी विषारी इंडोनेशियन पिट व्हायपर होते. ते कुठल्या तरी हौशी माणसाच्या बेडरूममधल्या काचपेटीत जाणार होते. आपल्याकडे परळच्या हाफकिनसारख्या संस्थांची परंपरा आहे आणि सर्पदंशावरची लस सरकारी दवाखान्यांतून मिळते, पण ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनलेली आहे. आपल्याच सह्याद्रीतल्या चापड्याच्या विषावरही ती धड चालत नाही. काचपेटीचं झाकण नीट बसलं नाही आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या पोराला साप चावला, तर डॉक्टर सूज, रक्तस्राव, रक्तदाब सांभाळत बसणार आणि साप कुठला हे विचारत राहणार. ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस बेकायदा साप बाळगल्याच्या भीतीने गप्प बसलेला असेल.